वासाच्या मागावर: मातीतले बारके जीव बुरशी कशी शोधतात?

निशिगंध

पालापाचोळ्याचा ओला थर उचलला, जुना शेणखताचा ढीग उकरला किंवा कुंडीत पाणी जरा जास्त झालं, की मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे पांढरट जीव टुणटुण उडताना दिसतात. हे स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडून अडकवलेला काटा सोडला की ते उडतात. सहा पाय असले तरी आजच्या वर्गीकरणात ते कीटकांत मोडत नाहीत. ही कीटकांच्या जवळची पण वेगळी शाखा आहे आणि फार जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी इथल्या खडकात सापडलेला त्यांचा जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

हा चर्चेचा धागा काढायचं कारण त्यांचं खाणं. बहुतेक स्प्रिंगटेल मुख्यतः बुरशीवर जगतात. पण बुरशी मातीत एकसारखी पसरलेली नसते. इथे सडलेल्या मुळाभोवती एक जाळं, तिथे पानाच्या देठावर दुसरं, मधे नुसती रिकामी माती. आत उजेड नाही. प्रयोगशाळांमध्ये सर्वात जास्त वापरली जाणारी फोल्सोमिया कँडिडा ही जात तर जन्मतःच आंधळी आहे, तिला डोळेच नाहीत. तरीही हे जीव नेमके बुरशीपाशी पोहोचतात, आणि पोहोचल्यावर सगळीच बुरशी खात नाहीत, निवडून खातात.

हे वासावर चालतं. स्वीडनमधल्या लुंड इथल्या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं, की बुरशीला स्पर्श न करता, केवळ तिच्यावरून आलेल्या हवेमुळे स्प्रिंगटेल तिच्या दिशेला वळतात. पुढे त्याच गटाने एकाच जंगलात राहणाऱ्या दोन जाती घेऊन पाहिलं, तेव्हा वेगवेगळ्या बुरशींचे वास त्या ओळखून वेगळे करतात असंही दिसलं.

मला सगळ्यात जास्त भावलेलं काम २०२० सालचं आहे. स्वीडनमधलं आल्नार्प, लुंड आणि इंग्लंडमधली जॉन इनेस संस्था यांनी मिळून केलेलं. विषय होता स्ट्रेप्टोमायसेस. हे खरं तर जिवाणू, पण वाढतात बुरशीसारखे: धागे पसरतात आणि शेवटी धाग्यांच्या टोकांवर बीजाणू धरतात. स्ट्रेप्टोमायसिनसह आपली कितीतरी प्रतिजैविकं यांच्याकडूनच आली. पहिल्या पावसात येणाऱ्या मातीच्या वासातला मुख्य रेणू, जिओस्मिन, हेही प्रामुख्याने त्यांचंच. आपल्या नाकाला तो किती तीव्र जाणवतो बघा: लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी पाणी 'मातकट' लागतं.

प्रश्न असा होता, की स्ट्रेप्टोमायसेसच्या जवळजवळ सगळ्या जाती हा रेणू कशासाठी बनवतात? करोडो वर्षं जपलेली गोष्ट बिनकामाची नसणार. संशोधकांना आढळलं, की जिओस्मिन बनवणारी जनुकं बीजाणू तयार करणाऱ्या यंत्रणेच्याच ताब्यात आहेत. म्हणजे वास सुटतो तो बीजाणू तयार होत असतानाच. स्प्रिंगटेलच्या मिशांना बारीक तारा जोडून पाहिलं तर जिओस्मिन आणि त्याच्यासोबतचा दुसरा मातकट रेणू, दोन्हींना मिशा प्रतिसाद देतात. मग स्प्रिंगटेल येतात, खातात, बीजाणू त्यांच्या अंगाला चिकटतात, काही विष्ठेतून जिवंत बाहेर पडतात आणि पुढच्या जागी रुजतात. पाण्याने किंवा वाऱ्याने जिथे बीजाणू जाऊ शकत नाहीत अशा मातीच्या फटीत ते या पायांवरून जातात.

ज्या वासाने आपण पावसाळ्यात खिडकी उघडतो, तो मुळात या जिवांना घातलेली हाक आहे. मला हे वाचल्यापासून माती वेगळी दिसायला लागली आहे. इथे शेती करणारे, बाग करणारे बरेच जण आहेत, तुमचे अनुभव आणि शंका दोन्ही लिहा.

कुंडीतली_बाग

निशिगंध, अगदी वेळेवर धागा आला. माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांत हेच पांढरे जीव झालेत. नर्सरीत विचारलं तर एक औषध ओतायला सांगितलं. बाटली आणून ठेवली आहे, अजून उघडलेली नाही. मुळं खातात का हे? कढीपत्ता आणि मोगरा दोन्ही आहेत, मोगऱ्याला आत्ताच कळ्या धरल्यात.

निशिगंध

ताई, बाटली उघडू नका. तुमच्या मोगऱ्याची मुळं ते खात नाहीत. तिथे ते आलेत कारण माती सतत ओली आहे आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर बुरशी वाढते आहे. अगदी कोवळ्या रोपांची नाजूक मुळं कुरतडणाऱ्या थोड्या जाती आहेत, पण मोठ्या झाडाला त्यांचा त्रास होत नाही. वरचा दोन इंच थर सुकू देऊन मगच पाणी घाला, आठवड्या-दोन आठवड्यांत संख्या आपोआप उतरेल. त्यांची कातडी पातळ असते, कोरड्या हवेत ते तग धरत नाहीत.

आणि औषधाने ते मेले तर त्या कुंडीतली बुरशी खाणारं कोण उरणार, हाही विचार करा.

शोधयात्री

एक शंका. 'वासाने जातात' हे कसं सिद्ध करतात? बुरशी श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते. ओलावाही तिच्याजवळ जास्त असणार. कदाचित ते तिकडेच जात असतील, आणि आपण त्याला बुरशीचा वास म्हणतोय.

निशिगंध

शोधयात्री, शंका रास्त आहे. कार्बन डायऑक्साइडचा काही प्रमाणात उपयोग ते करतात असं दिसतं, पण त्यावर भागत नाही. मातीत श्वास सगळेच घेतात: मुळं, गांडुळं, जिवाणू. त्यावरून 'इथे कुणीतरी जिवंत आहे' इतकंच कळतं. खाण्याजोगी बुरशी कुठली, हे कळायला वेगळी खूण लागते.

म्हणून प्रयोगात वाय आकाराची नळी घेतात. एका फाट्यातून एका बुरशीवरची हवा, दुसऱ्यातून दुसऱ्या बुरशीवरची, आणि खाली मधोमध जीव सोडायचा. दोन्हीकडे जिवंत बुरशीच असते, दोन्ही श्वास घेतात, तरी तो एकच बाजू पुन्हा पुन्हा निवडतो. याशिवाय शुद्ध रेणू वापरतात, बुरशी नाहीच. मिशीवरचा विद्युत प्रतिसाद हा तिसरा पुरावा. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा मी ते मान्य करते.

नाकाच्या जागी त्यांच्याकडे काय आहे तेही सांगते. मिशा चार पेरांच्या, त्यांवर बारीक संवेदी केस. बऱ्याच जातींत मिशीच्या मुळाशी एक छोटा अवयव असतो, तोही रासायनिक खुणा टिपतो असं मानतात. यातलं एक मला फार नवलाचं वाटलं. माशी, मधमाशी, डास यांच्या मिशांवर वास पकडणाऱ्या प्रथिनांची जी प्रसिद्ध कुळी आहे, ती स्प्रिंगटेलमध्ये नाहीच. ती कुळी कीटकांच्या शाखेत नंतर आली. स्प्रिंगटेल त्याहून जुन्या प्रथिनांवर काम भागवतात, आणि त्यांच्यात त्या जुन्या प्रथिनांची संख्या भरपूर वाढलेली आहे.

द्राक्षमळा

माझी बाग तासगाव भागात आहे. आम्ही दरवर्षी शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वाढवून ओळीत टाकतो, पैसे खर्चून. आता तुमचं वाचून धास्ती वाटली. बुरशी खाणारे जीव मातीत लाखोंनी असतील तर माझा ट्रायकोडर्मा पहिल्यांदा तेच संपवणार ना? मुळांशी राहणारी मायकोरायझा बुरशीही टाकतो.

निशिगंध

दादा, याच प्रश्नावर अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न इथे बरंच काम झालंय आणि तेही कपाशीवर, म्हणजे आपल्या ओळखीच्या पिकावर. रोपं कोलमडवणारी रायझोक्टोनिया बुरशी आणि ट्रायकोडर्मासारख्या उपयोगी बुरशी यांच्यात निवड दिली, तेव्हा तिथल्या स्प्रिंगटेलनी रायझोक्टोनियाला पसंती दिली. ट्रायकोडर्मावर भर बीजाणू आले की त्यांना तो फारसा रुचत नाही. उपयोगी बुरशी आणि स्प्रिंगटेल एकत्र असताना रोगाला आळा चांगला बसला. जपानमध्ये काकडी आणि मुळ्याच्या रोपांवरही अशाच दिशेचे निष्कर्ष आले.

मायकोरायझाबद्दल: कॅनडातल्या प्रयोगांत स्प्रिंगटेलना कुजणाऱ्या पानांवरच्या गडद रंगाच्या बुरशी सर्वात आवडल्या, आणि मुळांशी भागीदारी करणारी मायकोरायझा सर्वात शेवटी. आवडीचं खाणं आजूबाजूला असेल तर ते तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. मला यातून शेतासाठी एवढंच दिसतं, की जमिनीवर काडीकचरा, पाचट, छाटणीचा चुरा राहू द्यावा. तो जाळला तर खाणारे उपाशी राहतील आणि जे मिळेल त्यावर तुटून पडतील.

हे मी प्रयोगांवरून सांगते आहे, तुमच्या बागेतल्या जाती वेगळ्या असू शकतात.

द्राक्षमळा

पाचट जाळणं आम्ही कधीच सोडलं. अजून एक विचारतो. आमची जमीन काळी, भारी. पाऊस झाला की चिकट होते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. असल्या जमिनीत वास पसरतो तरी कसा?

निशिगंध

इथेच या विषयाची खरी मेख आहे, जरा सविस्तर लिहिते.

वासाचे रेणू हवेतून जितक्या वेगाने पसरतात, त्याच्या साधारण दहा हजार पट हळू ते पाण्यातून पसरतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असेल तर एका बुरशीचा वास काही सेंटिमीटर लांब पोहोचतो, आणि मिलिमीटरभर जिवाला तेवढं अंतर म्हणजे मोठा पल्ला. त्याच पोकळ्या पाण्याने भरल्या की वास जागच्या जागी अडकतो. काळ्या जमिनीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि बारीक पोकळ्या मिटवते. मग वासाचाही रस्ता बंद आणि चालण्याचाही, कारण स्प्रिंगटेल गांडुळासारखे बीळ खणू शकत नाहीत. आधीपासून असलेल्या पोकळीतूनच त्यांना जावं लागतं.

म्हणून भारी जमिनीत गांडुळांची बिळं, कुजलेल्या मुळांच्या नळ्या आणि सेंद्रिय कर्बामुळे बनणारे मातीचे भुरभुरीत गोळे यांना एवढी किंमत आहे. पाऊस ओसरला की आधी या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी उतरतं आणि वासाचे रस्ते तिथून उघडतात. ओल्यात ट्रॅक्टर घातला किंवा वर्षानुवर्षं रोटाव्हेटर एकाच खोलीवर फिरवला तर खाली जो घट्ट थर बसतो, त्याने हेच रस्ते तुटतात. खाणारा आणि बुरशी एकाच वीतभर मातीत असूनही एकमेकांना सापडत नाहीत. जमीन दाबली गेली की स्प्रिंगटेलची संख्या घटते हे बऱ्याच ठिकाणी मोजलेलं आहे.

शिवाय मातीचा चिकट कण आणि कुजकट भाग काही वासरेणूंना धरून ठेवतात, जिवाणू काही खाऊन टाकतात. त्यामुळे जवळचा वास आणि लांब पोहोचलेला वास सारखा नसतो. मिशांना त्यातूनच दिशा काढायची असते.

धिंगरीवाला

मी दुसऱ्या बाजूने बोलतो, माझ्यासाठी हे जीव मित्र नाहीत. पुण्याजवळ धिंगरी अळिंबीची छोटी शेड आहे. बेडमध्ये स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, पसरून काड पांढरंशुभ्र झालं, की काही बॅगांत तळाकडून पांढरा भाग विरत जातो. उघडून पाहिलं तर हेच, शेकड्यांनी. बारीक काळ्या माश्याही येतात. काड गरम पाण्यातून नीट काढतो, तरी येतात. वासाने येत असतील तर वास बंद कसा करणार? अळिंबी म्हणजेच वास.

निशिगंध

वाढत्या धाग्यांचा वास शेडभर असतो, तो थांबवता येत नाही हे खरं. पण तुम्ही वाट अडवू शकता. स्प्रिंगटेल उडत येत नाहीत, चालत येतात. ते बहुधा शेडच्या जमिनीतून किंवा बाहेरच्या ढिगातून येत असावेत. जुन्या बॅगा शेडजवळच टाकता का? त्या बॅगांत बुरशी अजून जिवंत असते, तीही वास सोडत असते, तिथे पैदास होते आणि मग नव्या बॅगा हाकेच्या अंतरावर.

जुनं काड लांब न्यायचं, जमीन कोरडी ठेवायची, बॅगा टांगायच्या किंवा रॅकवर उंच ठेवायच्या, रॅकचे पाय पाण्याच्या वाटीत उभे करून पाण्यात साबणाचे थेंब टाकायचे. नुसत्या पाण्यावर ते तरंगून पार होतात, त्यांच्या कातडीला पाणी चिकटत नाही. माश्यांसाठी मात्र बारीक जाळी आणि चिकट पिवळे सापळेच.

धिंगरीवाला

जुन्या बॅगांचा ढीग शेडच्या मागच्या भिंतीलाच आहे, कुजायला टाकतो. उद्याच हलवतो. साबणाचं पाणी माहीत नव्हतं, आम्ही साधं पाणी ठेवायचो.

मला पडलेला प्रश्न: सगळ्या अळिंब्यांचा वास साधारण सारखाच असतो, मग त्यांनी बचावासाठी काही केलंच नाही का?

निशिगंध

केलंय, आणि हा भाग मला सर्वात जास्त आवडतो. अळिंबीचा जो ओळखीचा वास आहे त्याचा मुख्य रेणू ऑक्टेनॉल. जपानमध्ये मात्सुताके नावाची फार महाग अळिंबी मिळते, तिच्यात तो भरपूर असतो, जोडीला दालचिनीसारख्या गोड वासाचा आणखी एक रेणू. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी तपासलं तेव्हा हे दोन्ही रेणू बुरशी खाणाऱ्या एका स्प्रिंगटेलला दूर ठेवतात असं दिसलं. ज्या वासासाठी माणूस एवढे पैसे मोजतो, तो त्या जिवाला 'इकडे येऊ नकोस' सांगतो.

जर्मनीत २००७ मध्ये आणखी एक प्रयोग झाला. ॲस्परजिलस बुरशीतली विषारी द्रव्यं बनवणारं मुख्य बटण जनुकीय बदलाने बंद केलं. अशी बिनविषारी बुरशी आणि साधी बुरशी समोर ठेवल्यावर स्प्रिंगटेलनी बिनविषारीच पसंत केली, आणि ती खाऊन त्यांची वाढही चांगली झाली. म्हणजे निवड आंधळी नाही, त्यांना फायदा कशात आहे हे कळतं.

तळकोकण

सावंतवाडी भागातून लिहितोय. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळाजवळ अळंबी उगवतात, बाजारात क्षणात संपतात. वाळवीच ती बुरशी आत वाढवते असं ऐकलं होतं. इथे वासाचा काही संबंध आहे का? वाळवीही आंधळीच ना.

निशिगंध

आहे, आणि काम आपल्या देशातलं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस यांच्या गटाने वारूळ बांधणाऱ्या ओडोन्टोटर्मिस ओबेसस या वाळवीवर ते केलं, ही वाळवी महाराष्ट्रातही सर्वत्र आहे. वाळवी वारुळात चघळलेल्या लाकूडपाल्याचे जाळीदार गोळे करते आणि त्यावर टर्मिटोमायसेस बुरशी पिकवते. तुमची अळंबी म्हणजे त्याच बुरशीची छत्री. पण त्या शेतात तणही उगवतं: स्यूडोझायलेरिया नावाची बुरशी. वाळवीने लक्ष काढलं की ती सगळं व्यापून टाकते.

२०१७ च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार वाळवी पीक आणि तण यांतला फरक वासाने करते, अंधारात, आणि तण बुरशीच्या तुकड्यांवर मातीच्या गोळ्या रचून त्यांना गाडून टाकते. पिकाच्या बुरशीवर तेवढी माती टाकत नाही. कामकरी वाळवी आंधळीच असते, तुमचं बरोबर आहे.

तळकोकण

वा! आमची आजी सांगायची, अळंबी काढताना वारूळ मोडायचं नाही, पुढच्या वर्षी तिथेच परत येतात. आता आत कोण राखण करतं ते कळलं.

शोधयात्री

आणखी एक विचार आला. ज्या वासावर जीव भरवसा ठेवतो, त्याच वासाचा सापळा कुणी लावत असेल का? निसर्गात एवढी सोपी फसवणूक कुणी सोडेल असं वाटत नाही.

निशिगंध

लावतात. आर्थ्रोबोट्रिस नावाची एक बुरशी सूत्रकृमींना, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमींना, जाळ्यात धरून खाते. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की ती खाण्याच्या आणि जोडीदाराच्या वासाशी मिळते-जुळते रेणू सोडते. सूत्रकृमी त्या वासाने ओढले जातात आणि चिकट वेटोळ्यांत अडकतात. द्राक्षमळा दादा, डाळिंब आणि द्राक्षाच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तुम्हाला माहीतच आहेत, त्यांच्या शत्रूंवर जे संशोधन होतं त्यात असल्या बुरशीही आहेत.

स्प्रिंगटेलच्या बाबतीतही पारडं उलटतं. लॅकेरिया नावाची अळिंबी पाइनच्या मुळांशी राहते. २००१ मध्ये कॅनडात स्प्रिंगटेल आणि ही बुरशी एकत्र ठेवली तेव्हा खाणारेच मेले. बुरशीने त्यांना निकामी करून त्यांच्या शरीरातला नायट्रोजन काढून घेतला आणि त्यातला वाटा पाइनच्या झाडाला दिला. झाडातल्या नायट्रोजनपैकी एक चतुर्थांशापर्यंत भाग या प्रयोगात स्प्रिंगटेलमधून आला होता. तिथे त्यांना नेमकं काय खेचून आणतं, वास की आणखी काही, हे मला अजून शोधायचं आहे.

द्राक्षमळा

सूत्रकृमीचा त्रास आमच्याकडेही आहे. या खरड छाटणीला दोन ओळींत रोटाव्हेटर घालणार नाही, छाटणीचा चुरा तसाच ठेवतो, बाकी बाग नेहमीसारखी. माती कधी आणि कशी तपासायची? हे जीव मोजता येतात का घरी?

निशिगंध

येतात. डाळीच्या रिकाम्या डब्याएवढा मातीचा गोळा न चुरडता काढा, त्या दोन ओळींतून आणि बाकी बागेतून सारखाच, वरच्या दहा सेंटिमीटरमधून. फनेलमध्ये जाळी, जाळीवर माती उलटी, वर बल्ब, खाली थोडं स्पिरिट असलेली बाटली. माती वरून सुकत गेली की जीव खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. तीन-चार दिवस लागतात, बल्ब फार जवळ नको, नाहीतर ते वाटेतच वाळून मरतात. भिंगाखाली मोजा. एकदा जूनच्या पावसानंतर आणि एकदा हिवाळ्यात पाणी देत असताना, असं दोन्हीकडचं काढा आणि आकडे इथेच टाका. भिंगातून मोबाइलवर फोटो काढलात तर नेमकी जात सांगता येणार नाही, पण साधारण गट कुठला ते सांगायचा मी प्रयत्न करेन.

कुंडीतली_बाग

माझ्याकडून इतकंच: बाटली न उघडता दुकानात परत दिली. वरची माती सुकू देते आहे, आणि मोगऱ्याची पहिली फुलं आज उमलली.